ज्याचा गाळ त्याच्या दारात

टिटवाळ्याला माझ्या माहेरच्या गोठ्यामागे एक तळं आहे. त्या तळ्याच्या नावावर शेजारी मोठा कॉम्प्लेक्स उभा राहिला आणि हातोहात विकला गेला. कमानीवर सोनेरी अक्षरांत ‘लेक’ लिहिलंय. त्या कमानीतून ये-जा करणारी माणसं मला आवडत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

त्यांना वाटतं, तळं देवाने दिलं आणि व्ह्यू बिल्डरने. तळं राखलं होतं ते म्हशीवाल्यांनी. वैशाखात पाणी तळाला गेलं की गावात ज्याच्या दावणीला जितकी जनावरं, तितका त्याच्या वाट्याचा गाळ. घरच्या माणसांनी उतरायचं, पाट्या भरायच्या आणि आपापल्या शेतात नेऊन टाकायच्या. मजूर लावलेला चालत नसे. जो येणार नाही त्याच्या वाट्याचा गाळ बाकीचे काढत आणि त्याच्या अंगणात ओतत. एका साली माझा चुलता लग्नाच्या वऱ्हाडात गेला म्हणून आला नाही. परतला तेव्हा तुळशीपर्यंत गाळ होता. गणपती येईपर्यंत तो कुणाशी धड बोलला नव्हता, पण पुढच्या वैशाखात सगळ्यांच्या आधी तळ्यात उभा होता.

तळ्याच्या वर माळ आहे, गावाचं गुरचरण. पाऊस लागला की तिथे जनावर सोडायचं नाही, गवत मोठं होऊ द्यायचं. गणपती झाले की चराई सुरू. पाऊस त्या गवतात मुरायचा आणि ओहोळाने सावकाश तळ्यात उतरायचा. जिथून प्यायचं पाणी भरत, त्या झऱ्याला काट्यांचं कुंपण असे. म्हशी खालच्या अंगाला डुंबत. पाण्यात शेण पडायचं, नाही कशाला म्हणू. पण त्याच म्हशी पाणवेली ओरबाडून खायच्या, त्यामुळे पाणी कधी झाकलं गेलं नाही. आणि माळावर गुरं म्हणजे गुरांमागे कुणीतरी माणूस. राडारोड्याचा डंपर चोरून वर चढायला लागला की आई खालूनच ओरडायची. तिचा आवाज ऐकून ड्रायव्हर रिव्हर्स टाकायचे.

मग कॉम्प्लेक्समध्ये राहायला माणसं आली आणि त्यांच्या नाकाला आमचं शेण लागलं. मी लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्यात आले. तिथे कारखान्यांच्या वासात झोपते, सकाळी घसा धरलेला असतो. त्यामुळे शेणाच्या वासाने कुणाचं डोकं दुखतं असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यांनी अर्ज केले, फोटो काढले, क्लबहाऊसमध्ये मीटिंग लावली. आईबरोबर मी गेले होते. सोसायटीचा सेक्रेटरी अगदी गोड बोलत होता.

“आजी, आम्हाला तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे. पण लेक क्लीन ठेवायला हवा ना?”

“आमी काय घान ठेवलाय?” आईने विचारलं.

तो हसला आणि तिच्यापुढे कागदी कपातला चहा सरकवला. तिने तो घेतला नाही.

तळ्याला जाळी बसली. ‘जनावरांना प्रवेश बंद’ असा बोर्ड लागला. पाण्याविना म्हशी ठेवणार कशा? एकेका गोठ्यातून जनावरं भिवंडीकडच्या तबेल्यात गेली. आमची गेली तेव्हा मी मुद्दाम टिटवाळ्याला गेले नाही. आईने मोकळी दावण रोज झाडणं सोडलं नाही, एवढं चुलतीकडून कळलं.

माळावर आता कुणी नव्हतं. डंपरवाल्यांना ते कळायला वेळ लागला नाही. फुटक्या टाइल्स, सिमेंटची ढेकळं, कमोडचे तुकडे. ओहोळ बुजला. तळ्यात कारंजं बसवलं होतं, त्याच्यावर जलपर्णी चढली आणि तेही थुंकायचं बंद झालं. पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्लेक्सच्या बोअरला पिवळं पाणी आलं, मग तेही आटलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्यात बातमी आली की गावात जनावरंच उरली नसतील तर गुरचरण हवं कशाला, ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी, असा विचार सरकारात चालू आहे आणि साहेब पाहणीला येणार आहेत. दुसरं काम म्हणजे टॉवर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. टॉवर उभा राहिला असता तर व्ह्यू गेला असता. मग सोसायटीची कमिटी आमच्या अंगणात आली. मी त्या दिवशी माहेरीच होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे म्हशींचे धरायचे होते.

“आजी, म्हशी परत आणता येतील का?” सेक्रेटरी म्हणाला. “जाळी आम्ही काढतो.”

मी आईला आत बोलावलं. “दारात उभं करू नकोस त्यांना. जाऊ दे माळ. बसू देत टँकरची वाट बघत.”

“माल त्यांचा हाय का?” आई खिडकीतून माळाकडे बोट करत म्हणाली. “ते नालायक हायेत म्हनून मी माझा माल सोडू?”

ती बाहेर गेली आणि तिने एकच अट घातली. तळ्याचं पाणी तुमच्याही बोअरला येतं, तेव्हा वैशाखात तुमचाही वाटा. गाळ काढायला यायचं. सगळ्यांनी जोरात माना हलवल्या. त्या वेळी त्यांनी कशालाही माना हलवल्या असत्या.

आईने नदीपलीकडून, मावशीच्या गावातून म्हशी आणल्या. तिचं बघून इतरांनीही आणल्या. जाळी निघाली, गावाने मिळून ओहोळ मोकळा केला. साहेब आले तेव्हा माळावर गुरं चरत होती. त्यांनी बघितलं, पाणी प्यायले आणि गेले. गुरचरण राहिलं.

वैशाख आला. कॉम्प्लेक्समधून एकही माणूस उतरला नाही. सेक्रेटरीने हाउसकीपिंगची दोन माणसं पाठवली. आईने त्यांना सावलीत बसवून ताक पाजलं आणि परत धाडलं. संध्याकाळी कॉम्प्लेक्समधून तक्रार आली की गाळाचा वास बाल्कनीत येतो.

दुसऱ्या दिवशी गावाने त्यांचा वाटा काढला. काळाभोर, ओला गाळ पाट्या भरभरून कमानीखाली पडू लागला. पहिली पाटी माझ्या चुलत्याने ओतली, त्याने तो मान मागून घेतला होता. मीही साडी खोचून पाट्या वाहिल्या, इतक्या आनंदाने मी माहेरी कधीच काम केलं नव्हतं. गाड्या अडल्या, हॉर्न वाजले. सेक्रेटरी चपला घालून धावत आला.

“आजी, हे काय चाललंय?”

“तुमचा वाटा,” आई म्हणाली. “जो येत नाय त्याच्या दारात टाकतो. गावात सगल्यांना तोच कायदा.”

मी पाटी खाली ठेवली. मला वाटत होतं आपण त्यांचा अपमान करतोय. आईने तर त्यांना गावात घेतलं होतं. त्याबद्दल मी अजून तिच्यावर चिडलेली आहे.