खानदानी पाय

ऐंशीच्या दशकात वर्तकनगरात लोक नवा रंगीत टीव्ही मिरवायचे. आमचे शेजारी स्वतःचा डावा पाय मिरवायचे. वर्षातून एकदा तरी तो भोपळ्यासारखा सुजायचा. "वडिलांचा, काकांचा, सगळ्यांचा हाच पाय," लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेऊन ते सांगत. "रक्तच घट्ट आमचं. त्यात चरबी. मग गुठळ्या होणारच. खानदानी आहे, राव!" त्या गुठळ्यांनीच वडील आणि काका पन्नाशीच्या आत गेले, हेही ते दोघांना बढती मिळाल्यासारखं सांगत. डॉक्टर म्हणाले, मुलांचंही रक्त तपासून घ्या. यांनी डॉक्टर बदलला.

मग मुलीला बघायला डोंबिवलीची मंडळी यायची ठरली. सकाळीच हे सुजलेल्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळून, वर फुलपँट चढवून माझ्याकडे हजर. "कोणी विचारलं तर कल्याण स्टेशनच्या जिन्यावर पडलो म्हणून सांगा. उगाच लग्नात विघ्न नको."

मी मान डोलावली. शेजारधर्म!

पाहुणे आले. मुलाचे वडील दारातच अडकले. भिंतीला हात टेकून चप्पल काढू लागले, पण ती सुजलेल्या पायातून निघता निघेना. "रिक्षातून उतरताना मुरगळला हो," कोणी न विचारताच ते म्हणाले.

दोघांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. शेवटी आमच्या शेजाऱ्यांनीच काळजीच्या सुरात विचारलं, "गोत्र कुठलं म्हणालात आपलं?"