कुसुम गेली की आली?

अन्याय झाला तो माझ्या आईवर, सुलभा परब हिच्यावर. कधी झाला तेही लिहिते: २००३ साली, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी, लालबागच्या आमच्या चाळीसमोर टेम्पोत लोखंडी कपाट चढत असताना. कुणी केला? माझ्या बाबांनी. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, बाबा त्यातले नव्हेतच. त्यांनी पागडीची खोली सोडली, भाईंदरला फ्लॅट घेतला, टेम्पो ठरवला आणि या तिन्ही गोष्टी आईला ठरल्यानंतर सांगितल्या. एवढंच. "एवढंच" हा शब्द माझा नाही, चाळीतल्या पुरुषांचा आहे. मला तो मान्य नाही.

हे मी चाळीत अजून राहणाऱ्यांसाठी लिहितेय, आणि आमच्यासारखे विरार, बदलापूर, मीरा रोडला पांगलेत त्यांच्यासाठीही. सध्या मी इथे पाण्याच्या मोर्चाची पत्रकं लिहिते, त्यामुळे गोड लिहायचा हात राहिलेला नाही. चालवून घ्या.

त्या सकाळी आई ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. मी सोळा वर्षांची, मागे गाद्यांवर. तेवढ्यात नलूमावशी जिना उतरून धावत आली. दुसऱ्या मजल्यावरची नलूमावशी म्हणजे आमच्या चाळीची बिनपगारी लायब्ररी. तिने खिडकीतून आईच्या मांडीवर एक पुस्तक टाकलं. "नंबर तुझाच होता. वाच आणि पाठव. आणि कळव मला, तू कुठल्या पार्टीत ते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली पानं कधीच फाटलेली, त्यामुळे नाव काय, लिहिलं कुणी, कुणालाच ठाऊक नाही. खाकी कागद घातलेला. सगळ्या त्याला "कुसुमची कादंबरी" म्हणत. नळावर लागतो तसा त्याला नंबर लागायचा. जिचं वाचून होईल ती गॅलरीत यायची आणि भांडणाला तोंड फुटायचं. कारण चाळीत दोन पार्ट्या होत्या: "गेली" पार्टी आणि "येईल" पार्टी. नियम एकच आणि कडक. जिचा नंबर आलेला नाही तिच्यासमोर शेवट बोलायचा नाही. ती जिना चढताना दिसली की सगळ्या एकदम डाळीच्या भावावर घसरायच्या. आई दीड वर्ष डाळीचे भाव ऐकत होती. आता कुठे तिला भांडायचा हक्क मिळणार होता, तर टेम्पो आला.

भाईंदरला गोडदेवचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग नवी, लिफ्ट नाही, मागे गोडदेव गावातली कौलारू घरं आणि पुढे अशाच चार बिल्डिंगी. घरात संडास, घरात नळ (पाणी एक दिवसाआड, पण नळ घरात), खिडकीला ग्रिल. बाबा दर थोड्या वेळाने भिंतीवर हात फिरवून म्हणायचे, "स्वतःचं आहे." पंखा लावला तरी "स्वतःचं आहे", खिळा ठोकला तरी "स्वतःचं आहे". शेजाऱ्याची ओरड नाही, घरमालकाची नाही. एक बाई तीन खोल्यांत गप्प फिरतेय, ती मात्र त्यांना दिसत नव्हती.

आठवड्याच्या आत आईने कादंबरी संपवली. शेवटचं पान मिटलं, पदर खोचला, पुस्तक हातात घेऊन दार उघडलं आणि बाहेर येऊन उभी राहिली. सवय! समोर गॅलरी नव्हती. समोर गुजराती शेजारीण हंसाबेनचा सेफ्टी डोअर, बाजूला आणखी एक सेफ्टी डोअर, मध्ये ट्यूबलाइट. आई आत आली. मी म्हटलं, "नलूमावशीला फोन कर ना." चाळीचा फोन खालच्या किराणा दुकानात, निरोप ठेवला की ती यायची. आई म्हणाली, "फोनवर काय भांडणार? समोरचीचं तोंड दिसायला नको?"

माझ्या आईच्या स्थलांतराची हकीकत ही एवढी. तिला भांडायला कुणी उरलं नाही. खोली लहान की मोठी, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग एका दुपारी हंसाबेन पाण्याची चौकशी करायला आल्या. टेबलावरचं पुस्तक बघून म्हणाल्या, "क्या पढ़ते हो, परबभाभी? स्टोरी अच्छी है?" आईने त्यांना बसवलं. हंसाबेनना मराठी बोललेलं थोडं कळतं, वाचायला जमत नाही. मग आईने रोज दुपारी, लसूण सोलत, कुसुमची गोष्ट हिंदीतून सांगायला घेतली. आईचं हिंदी लालबागचं! "उसका सासू एकदम खडूस था." "उसने मास्तर को बोला, मेरे को शिलाई का मशीन मंगता." हंसाबेन मान डोलवत ऐकायच्या. गोष्ट अशी: तालुक्याच्या गावी मास्तरची बायको, पोरांची आई कुसुम, पंधरा वर्षं सगळ्यांचं करते, शिवणकाम करून दिराचं शिक्षण काढते, आणि तिचं मशीन एक दिवस तिला न विचारता नणंदेच्या लग्नात देऊन टाकतात. त्यानंतर शेवटचं पान. दुपारी सगळ्यांना वाढून झाल्यावर कुसुम हात पुसते, पिशवी घेते, दारात जाते आणि सासूला एकच शब्द म्हणते: "येते." संपली कादंबरी.

आईने तेही हिंदीत केलं. "वो दरवाजे में गया और बोला, मैं आती है."

हंसाबेन थांबल्या. लसूण सोलून झाला तरी पुढचं ऐकायला थांबलेल्या. मग म्हणाल्या, "फिर? कब आई?"

"आगे नहीं है."

"कैसे नहीं है? बोलके गई ना, आती हूँ? पाँच मिनट में आई होगी. सब्जी लाने गई होगी!"

हिंदीत तो शब्द सरळ पडला होता: आती हूँ, म्हणजे आलेच. मराठीत माणूस सातासमुद्रापार निघाला तरी "येते" म्हणतो, "जाते" म्हटलं की सगळी अंगावर धावतात. चाळीतल्या दोन पार्ट्यांचं भांडण त्या एका शब्दावर होतं, आणि आईने अनुवादात सगळं भांडणच मारून टाकलं होतं.

तेवढ्यात उघड्या दारातून आवाज आला. "माफ करा, पण तुमचं हिंदी खालपर्यंत ऐकू येतंय बाई, राहवलं नाही." खालच्या मजल्यावरच्या वाघमारेताई. मूळच्या नांदेडकडच्या, नर्सिंग होममध्ये सिस्टर, ड्युटीवरून आलेल्या. आईने त्यांना लगेच विचारलं, "तुम्ही वाचलीय?" नाही म्हणताच तिने हंसाबेनना डोळ्यांनी दाबलं आणि म्हणाली, "तूरडाळ काय महागलीय ना!" मी आतल्या खोलीत हसून लोळले. चाळीचा नियम भाईंदरला पोचला होता.

पुस्तक वाघमारेताईंकडे गेलं. त्या वाचेपर्यंत हंसाबेन रोज विचारायच्या, "सिस्टर का हुआ?" जसं काही त्या दवाखान्यात ॲडमिट आहेत. वाचून झालं तेव्हा रविवार होता. बाबा उघड्या दाराशी खुर्चीत पेपर वाचत होते. गोडदेव गावातल्या भाजीवाल्या भानूबाय गवारीच्या शेंगा घेऊन जिन्यात टेकल्या होत्या, आई आणि हंसाबेन शेजारी शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांना आईने गोष्ट तोंडी सांगितलेली, त्यामुळे त्याही मतदार.

वाघमारेताई आल्या त्या बोलतच. "गेली ती. कायमची गेली. यात वाद कसला?"

आई म्हणाली, "अहो, पण येते म्हणाली."

"म्हणणारच. मी नांदेडहून निघाले तेव्हा मीही येते म्हटलं होतं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बघायसारखं काय ठेवलं होतं गावानं आमच्यासाठी? वेशीबाहेरचं पाणी?" त्या खाली बसल्या. "तुम्हा लोकांना सोडून आलेलं घर आठवून रडू येतं. मला इथलं कुलूप उघडताना रोज बरं वाटतं. कुसुमलाही वाटलं असणार."

हंसाबेनना मी "येते"चा अर्थ समजावला. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "अरे! ये तो अपना आवजो हुआ! आवजो बोलके तो लोग अमेरिका जाते हैं! तब तो गई, पक्का गई!" एका मिनिटात पार्टी बदलली.

भानूबाय म्हणाल्या, "गेली त गेली. पन पोरांच्या जेवनाचा काय? त्या लिवलाय का न्हाय?"

"भानूबाय, ती सगळ्यांना वाढून गेली."

"दुपारचा वाढलान. रातचा?"

मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते आणि माझं मत तयार होतं. मी म्हटलं, लेखकाने घाबरून पळ काढलाय. गेली असेल तर बसमध्ये बसलेली दाखवा, नसेल गेली तर तसं लिहा. बाईच्या आयुष्याचा निकाल एका शब्दावर टांगून ठेवायला लाज वाटली पाहिजे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "कादंबरी आहे ती, पत्रक नाही." हा टोमणा मी अजून विसरलेले नाही, आणि मत अजून बदललेलं नाही.

मग वाघमारेताईंनी आईला विचारलं, "तुमचं काय ते सांगा. तुम्ही कुठल्या पार्टीत?"

आईने शेंगा बाजूला ठेवल्या. "गेली का आली, ते नाही मला सांगता येत. पण मशीन देताना तिला कुणी विचारलं असतं, तर कदाचित तिने स्वतःच दिलं असतं. तिला मशीनचं दुःख नाहीये. विचारलं नाही, त्याचं आहे." मग तिचा आवाज चढला. "मला तरी कुणी विचारलं होतं?"

बाबांचा पेपर खाली आला. "काय विचारायचं होतं?"

"इथे यायचं का ते."

"अगं, स्वतःचं..."

"स्वतःचं आहे, माहितीय! संडास आहे, नळ आहे, सगळं चांगलं आहे हो. पण विचारलं नाहीत तुम्ही. टेम्पो ठरल्यावर सांगितलंत."

जिन्यातल्या चार बायका बाबांकडे बघत होत्या. हंसाबेननी तेवढ्यात कुजबुजून मला विचारलं, "ये भी किताब में है?"

बाबांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, झालं, आता महिनाभर अबोला. पण संध्याकाळी ते आले, हात धुतले आणि ओट्याशी जाऊन उभे राहिले. माझ्या बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा आईला काही विचारताना ऐकलं. "सुलभा, परत जायचंय का? भाड्याने बघू चाळीत. फ्लॅट विकू. तू सांग." अवघडत विचारलं, पण विचारलं. पोलिस चौकशीसारखं नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

सगळं त्या उत्तरावर होतं. माझं कॉलेज, बाबांचं "स्वतःचं", सगळं. आणि आई काय म्हणाली? "विचार करून सांगते." आठवडाभर तिने विचार केला. त्या आठवड्यात बाबा घरात पाहुण्यासारखे वावरत होते. भिंतीला हात लावायचे नाहीत. पुढच्या रविवारी चहा देताना तिने सांगितलं, "नको. आता माझी भांडणं इथे सुरू झालीत. वाघमारेबाईंना अजून मी पटवलेलं नाही."

हसू नका. ती त्या दिवशी भाईंदरला राहायला आली. टेम्पो नुसता सामान घेऊन आला होता.

पुस्तक परत द्यायची वेळ झाली तेव्हा नलूमावशी स्वतः न्यायला आली आणि दुपारी परत जायची ती रात्री जेवून गेली, कारण ती कट्टर "येईल" पार्टीची आणि इथे आईखेरीज सगळा जिना "गेली"वाला. जाताना ती वाघमारेताईंना म्हणाली, "तुम्ही चाळीत या एकदा, बघते." त्या गेल्याही. आता तिथल्या एकदोघी त्यांच्याशी बोलत नाहीत, म्हणजे ओळख पक्की झाली.

आज विचाराल, तर माझं घर गोडदेवचं. पाणी अजून एक दिवसाआड आहे, त्याबद्दल माझं पत्रक वेगळं मिळेल. पण मला इथे बरं आहे, आईला माझ्याहून बरं आहे. बाबा आता पडद्याचा रंगसुद्धा विचारून घेतात, कधी कधी फार विचारतात, आई वैतागते. माझ्यापुरतं घर म्हणजे हे: जिथे तुमचा नकार ऐकायची तयारी ठेवून कुणीतरी प्रश्न विचारतं.

आता चाळीतल्यांनो, तुमच्याशी बोलते. कळलंय मला की बिल्डर आलाय, टॉवर होणार आहे आणि संमतीच्या सह्या चालू आहेत. खोल्या बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे सह्याही त्यांच्याच. तुम्ही नाव लिहाल, तारीख टाकाल आणि वर जाऊन जेवताना सांगाल की ठरलं. ते करू नका. टॉवर चांगला असेल, संक्रमण शिबिर लांब नसेल, बिल्डर देवमाणूस असेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. जी बाई त्या खोलीत तुमच्यापेक्षा जास्त तास राहिली, तिला आज समोर बसवा. तिला विचारा, आणि ती बोलून संपेपर्यंत तुम्ही बोलू नका. ती म्हणाली विचार करून सांगते, तर आठवडाभर थांबा. तोवर पेन खाली ठेवा.