एस्तेरबाईंची सोबत

काचीगुड्याच्या घरात मुलगा आणि सून पुण्याला राहायला जाण्यावरून भांडत होती. एस्तेरबाई आत तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या.

"तुमच्या आई पुण्याला आल्या, तर मी चालले माहेरी!"

"मग तिला काय रस्त्यावर सोडू?"

"राहू द्या की इथंच. त्यांना त्यांचं चर्चचं देऊळ आहे, प्रार्थना आहे!"

त्यावर मुलगा गप्प बसला. ते गप्प बसणंच बाईंच्या काळजात रुतलं.

दोघं पुण्याला गेली आणि घर खायला उठलं. बाई प्रभूवरही रुसल्या. कित्येक महिने प्रार्थनाच केली नाही. मग एका दुपारी वांगी करपली, आणि ओरडायलासुद्धा घरात कुणी नव्हतं. त्या वर बघून म्हणाल्या, "प्रभू, करपली बघ. धूर आलाच असेल तुझ्यापर्यंत." आणि ओक्साबोक्शी रडल्या. रडताना त्यांना वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय आणि उठून जात नाहीये.

मुलगा काही परत आला नाही. पण त्या दिवसापासून बाई रोज प्रभूशी बोलायच्या, भांडायच्यासुद्धा.

आयुष्यातल्या शेवटच्या शनिवारी बाईंच्या छातीत कळा येत होत्या. तरी रविवारच्या प्रभुभोजनाच्या, भाकर आणि द्राक्षरस ठेवायच्या मेजावरचं पांढरं कापड त्यांनी नेहमीसारखं धुऊन, इस्त्री करून देवळात नेलं, अंथरलं आणि तळहातानं सुरकुत्या काढल्या.