दीदीच्या घरी पोहोचलेला बस्ता

हा किस्सा सांगताना मला आजही घाम फुटतो. आणि राग असा येतो, की समोरचा चहाचा कप फोडावा!

रायपूर राजधानी झालं आणि सदर बाजारातल्या माझ्या साड्यांच्या दुकानात साहेबलोक यायला लागले. एकदा एका साहेबानं चार गिऱ्हाइकांदेखत आपल्या शिपायाला असं झापलं, की तो नुसता मान हलवत राहिला. मला वाटलं, वा! याला म्हणतात वचक. नाहीतर आमचा रामेसर! बारा वर्षं दुकानात, म्हणून मलाच अडवणार, "सेठ, एक बार फिर सोच लो."

दुसऱ्याच दिवशी मी फर्मान काढलं. "सवाल-जवाब बंद! मी बोललो की फक्त 'हव' म्हणायचं." हव म्हणजे छत्तीसगढीत हो. मग काय, दिवसभर हव, हव! मी खूश.

तेवढ्यात तात्यापारा मोहल्ल्यातल्या विमलताईंच्या मुलीचं लग्न आलं. जुनं गिऱ्हाईक. लग्नाचा बस्ता, एकवीस साड्यांचा गठ्ठा, बांधून तयार. बारा वाजता वऱ्हाडाची बस गोंदियाला निघणार. मी आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या संतोषवर खेकसलो, "विमल दीदी के घर बस्ता पहुँचा! फौरन!"

तो थबकला. तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"हव, सेठ," म्हणत पळाला.

साडेअकराला ताईंचा फोन. "भाऊ, माही पोट्टी लग्न करून राहिली का पहिलीत चालली?"

"काहून ताई?"

"तुमच्या माणसानं शाळेचं नवंकोरं दप्तर इकत आणून देल्लं! वर बदकाचं चित्र! पाहुणे हसून राहिले इथं!"

अरे देवा! हिंदीत बस्ता म्हणजे दप्तर!

संतोष परतला आणि माझा भडका उडाला. "पूछा क्यों नहीं, गधे?"

"आपने ही तो मना किया था, सेठ."

आता सांगा, खरं बोलणाऱ्या माणसावर किती चिडायचं? मी भरपूर चिडलो! त्याच्या सात पिढ्या काढल्या. घसा बसला, तेव्हा कुठं गठ्ठ्याची आठवण झाली. वळून पाहतो, तर गठ्ठा नाही. रामेसरही नाही!

"चोर!" मी रस्त्यात येऊन बोंब ठोकली. "बारा वर्षं साप पोसला!" अख्खा बाजार गोळा झाला. शेजारचा सराफ तर पोलिसांना फोन करायला उठला.

आणि दुकानात पुन्हा फोन वाजला. मी आत धावलो. ताईच.

"भाऊ, बस्ता भेटला बरं. बस सुटतच होती. तुमचा रामेसर लय गुणाचा माणूस हाय."

"तो... तिथं आला?"

"हो तर! घामाघूम. म्हणे, सेठचं ओरडणं संपेपर्यंत बस गोंदियाले पोचली असती, म्हणून त्याईले न विचारताच आलो!"

बाहेर अख्खा बाजार विचारत होता, "सेठ, चोर मिला क्या?"

खरा चोर तर दुकानातच उभा होता, फोन धरून.