देवाजीभाऊंनी राखलेले फुटवे

देवाजीभाऊ गेल्याची बातमी खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली जोडलेल्या हातांची चित्रं आणि ‘सच्चा वृक्षमित्र हरपला’. हे लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी या वनरक्षकाला हयातभर आडमुठा म्हटलं होतं. त्या निम्म्यांत सगळ्यांत पुढे मी, कारण त्यांचा रेंजर मी होतो.

गडचिरोलीकडच्या आमच्या जंगलात दोन वर्षं पावसानं दगा दिला आणि तिसऱ्या पावसाळ्यात सागावर अळी पडली. ऐन श्रावणात पानांच्या जाळ्या झाल्या. वरचे साहेब पाहणीला आले. गाडीची काच खाली करण्याचे कष्ट त्यांनी घेतले, उतरण्याचे नाही. तेवढ्यावर निकाल लागला: जंगल मेलं, तोडा, नवं लावा. पंचनामा मी लिहिला. देवाजीभाऊंनी एका फांदीची साल नखानं खरवडून आतली हिरवी ओल मला दाखवली. “पान गेलं म्हून झाड गेलं काय जी?” म्हणाले, आणि सही केली नाही. हिरवं मलाही दिसत होतं... मी दुसऱ्या वनरक्षकाची सही घेतली.

जंगल तोडलं. दोरी धरून रांगेत रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या पावसात सागाच्या खुंटांना फुटवे आले, रोपांपेक्षा कितीतरी जोमदार. जमिनीखालच्या मुळांपर्यंत आमचा पंचनामा पोहोचला नव्हता. मग आमच्या हुशार खात्यानं हुकूम काढला की फुटव्यांमुळे रोपांना त्रास होतो, ते तण समजून कापा. हे काम शिक्षा म्हणून देवाजीभाऊंच्या गळ्यात घातलं. त्यांनी फुटवे कापले, पण प्रत्येक खुंटावर सगळ्यांत सरळ असा एक राखून. मी त्यांना आज्ञाभंगाचा मेमो दिला. उन्हाळ्यात रोपं वाळून गेली, राखलेले फुटवे वाढले. आज तिथं जंगल आहे आणि ‘यशस्वी रोपवन’ असा फलक आहे, त्यावर माझं नाव. रोपवनातली झाडं रांग सोडून अशी विखुरलेली कशी, हे पाहायला आलेल्या एकाही विद्वानानं विचारलं नाही. त्यांचं लक्ष जेवणाच्या मंडपाकडं होतं.

गेल्या उन्हाळ्यात देवाजीभाऊ चंद्रपूरला माझ्या घरी आले. झाडं जुन्या खुंटांची आहेत आणि मेमो चुकीचा होता, एवढं मी लिहून द्यावं, हेच मागणं. “मेमोवरून लोकं म्हनते, हा सरकारचं रोपवन बुडवाले निंगाला होता,” ते म्हणाले. “माह्या पोरीले बी तेच आयकाव लागते.” मी ‘बघू’ म्हणालो. मी निवृत्त झालेलो, मला कुणाची भीती? मला फलकावरचं नाव सोडवत नव्हतं, इतका मी कोत्या मनाचा.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शेवंताबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. आता लिहून देतो, म्हणालो. त्या उठल्या आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीतून वहीचा एक कागद घेऊन आल्या. मला लिहायचा होता तो सगळा मजकूर देवाजीभाऊंनीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता, माझं नाव आणि हुद्द्यासकट. मला एक शब्दही शोधायची तसदी नको म्हणून... फक्त सहीची जागा मोकळी होती. मी सही केली. शेवंताबाईंनी कागदाची घडी घातली.

“हे ते असताना काऊन नाई केलं जी?” त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.