मशीन मोकळं नाही

पारोळ्याजवळच्या एका गावात लताबाई अकरा वर्षं आशाताई आहेत. गावातलं प्रत्येक दार त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना पाहून कुठल्या दाराआड कोण लपतं तेही.

त्यांचं माहेर पाचोऱ्याकडचं. आई कापूस वेचताना कोसळली. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपी कधीपासून?" कुणालाच सांगता येईना. कुणी कधी मोजलंच नव्हतं. आईचं एक अंग गेलं ते गेलंच.

म्हणून यंदा आदेश आला तेव्हा लताबाईंना तो मनापासून पटला. आजाराला आधीच गाठायचं. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं. मशीनही मिळालं. अट एकच: मोजणी उपकेंद्रात, दर सोमवारी, दहा ते एक.

पहिल्या सोमवारी तीन माणसं आली. त्यातला एक पाणी प्यायला आला होता.

बाया येणार कशा? वैशाख लागला होता. घरोघरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, चालल्या होत्या. ज्वारीचा घाटा पहाटे शिजतो आणि गरम असेतोच थापावा लागतो. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. लताबाई मशीन पिशवीत टाकून गच्चीवरच जाऊ लागल्या. आधी बायांबरोबर बिबड्या थापायच्या, मग बीपी मोजायला दंड मागायचा.

"घाट्यात मीठ जरा कमी टाका," त्या म्हणायच्या.

"मंग काय गूळ टाकू?" पुष्पाबाई विचारायच्या. गच्ची हसायची.

दंड मात्र सहज कुणी पुढे करत नसे. सगळ्यांत हट्टी धुरपदाबाई. वय बासष्ट, गच्चीवर त्यांचाच शब्द चाले. डोकं रोज दुखायचं, त्यावर फडकं आवळलेलं.

"मशीन लावं का बीपी लागस," त्या म्हणायच्या. "मी दगडसारखी शे."

महिनाभरात एकेचाळीस जण मोजून झाले. अकरा जणांचं बीपी जास्त निघालं. ज्यांचं मोजलंच नव्हतं त्यांच्या फॉर्मवर लताबाईंनी रकाना कोरा सोडला.

तालुक्याच्या बैठकीत बाकी गावांचे फॉर्म भरलेले होते. जवळपास सगळं जग एकशेवीस-ऐंशी. टाळ्या झाल्या. मग पर्यवेक्षक योगराज सर लताबाईंकडे वळले.

"ताई, तुमचंच गाव मागे. एकशेवीस-ऐंशी लिहायला काय जातं?"

"गोळ्या जातात, सर. कागदावर सगळे धडधाकट असले तर गोळ्या येतील कुणासाठी? माझ्या अकरा जणांत पाचांनाच पुरल्या."

मागे कुणीतरी खोकललं. योगराज सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनाही वरून फोन यायचे.

"मग मशीन जमा करा," ते म्हणाले. "उद्या मीच येतो. काम करणाऱ्या गावाला देऊ."

"या," लताबाई म्हणाल्या. "मी धुरपदाबाईंच्या गच्चीवर आहे."

सकाळी त्यांनी बायांना सांगून टाकलं, आज मशीन जाणार. धुरपदाबाई घाटा ढवळत राहिल्या.

नऊ वाजता योगराज सर जिना चढून आले. मशीन पुष्पाबाईंच्या दंडावर होतं.

"द्या, ताई."

"अजून सुटनं नही, भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या.

सुटलं. तोवर बिबड्या थापत बसलेल्या मोहिनीने दंड पुढे केला होता. मग तिच्या सासूने. मग शेजारच्या गच्चीवरून हाका गेल्या आणि कठडा ओलांडून आणखी चौघी आल्या. महिनाभर पदराआड दडवलेले दंड एकामागून एक बाहेर येत होते.

"हे काय चाललंय?"

"मोजणी, सर. मशीन मोकळं झालं की न्या."

ऊन चढलं. कुणीतरी सरांच्या हातात तेल घातलेल्या घाट्याची वाटी दिली. "खा भाऊ. येळ लागी."

मग धुरपदाबाई उठल्या. हात कोपरापर्यंत माखलेले. त्या लताबाईंपुढे मांडी घालून बसल्या. मोहिनीने त्यांची बाही वर सारली.

"लाव," त्या म्हणाल्या. "मशीन कोठे जास ते मी देखस."

पट्टा फुगला. सैल झाला. लताबाईंनी आकडा पाहिला. थोडं थांबून दुसऱ्यांदा मोजलं. तोच. त्यांनी कोरा फॉर्म आणि पेन सरांपुढे धरलं.

"लिहा, सर. एकशेब्याण्णव, एकशेदहा. आणि गोळ्या कधी येतील तेही लिहा. खाली सही तुमची."

योगराज सरांनी वाटी खाली ठेवली. पेन घेतलं. जिन्यावर अजून बाया चढत होत्या.