फागू शिपायाचं बोलणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाखतीत तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही — एवढंच कारण.

पस्तीस वर्षं पडद्यावर काढली. इन्स्पेक्टर झालो, पुजारी झालो, सात-आठ नवऱ्या मुलींचा बाप झालो, एका मालिकेत तर दोनदा मेलो. लोक म्हणतात, हा माणूस कोणीही होऊ शकतो. पण रस्त्यात हाक मारतात ती एकाच नावानं — फागू! तालुक्याच्या कचेरीतला शिपाई. चार वर्षं मालिका चालली ती त्याच्यावर.

हा फागू सुचला कसा, असं किती जणांनी विचारलं असेल? काय सांगायचो ते पुढं सांगतो. आधी माझा मोठा भाऊ.

दादा गोंदियाकडं, देवरीजवळ आमच्या गावात राहतो, धानाची शेती करतो. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते — दुकानं, पाळणे, दुपारभर दंडारीचा नाच. आमच्या मंडईचा माईक दादाजवळ असायचा. कोणाचं पोरगं हरवलं, कोणाचा बैल सुटला, आता कोणत्या गावची दंडार येणार — सगळं तोच सांगायचा. बोलण्याआधी उजवा कान ओढायचा. मग 'आयका गा आयका', आणि दर दोन शब्दांनी असा थांबायचा की तिसरा शब्द घरीच राहिला की काय! गावात कोणी हसत नसे. दादा बोलतो तसा बोलतो, बस. आणि माईक हातात आला की कसा ताठ व्हायचा, काय सांगू!

कळलं ना, मी काय केलं ते? कान, थांबणं, 'आयका गा' — सगळंच्या सगळं उचललं. पहिल्या दिवशी सेटवर लोक हसून लोळले. मीही खूश. नक्कल करणं हा आमचा धंदाच. पण ज्याची करतो त्याला एकदा विचारावं, एवढी अक्कल नव्हती का? होती. तो नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून नाही विचारलं.

दुसऱ्या वर्षी वहिनीचा फोन आला. "यंदा थे माईकवर बसलेच नाही, बाबू. तोंड उघडलं का लोक फागू फागू करतेत." मी म्हणालो, होईल बंद थोड्या दिवसांत. फोन ठेवला आणि शूटिंगला गेलो. त्या दिवशी फागूचं थांबणं आणखी लांबवलं — हशा येत होता ना.

उन्हाळ्यात गावी गेलो. दादा खाटेवर बसला होता. "बाबू, थो फागू — मीच आहो का रे?" रागानं नाही हो, खरंच विचारत होता.

"नाही गा दादा. लेखक लिहिते, मी बोलतो."

किती सहज निघालं तोंडातून! आणि त्यानं ते मानलं. दोन दिवस गावभर सांगत फिरला की तो लेखक कधीतरी आपल्या भागात येऊन गेला असेल. लोक त्याच्या तोंडावर हसले. त्यांना खरं ठाऊक होतं. लेखकानं कागदावर फक्त 'शिपाई चहा आणतो' एवढंच लिहिलं होतं.

यंदा गोंदियात माझा सत्कार झाला. दादा पहिल्या रांगेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, फागू आला कुठून? खरं बोलायला याहून चांगली जागा कोणती मिळणार होती? मी म्हणालो, सगळं श्रेय लेखकाचं. सगळ्यांत आधी टाळी दादानं वाजवली. लाज वाटली — पण हारही घालून घेतला.

परत जाताना गाडीत दादा माझ्याशी हिंदीत बोलत होता. त्या उन्हाळ्यानंतर तो माझ्याशी हिंदीतच बोलतो, जपून, मोजकं, कानाला हात न लावता.

"अच्छा बोले तुम," म्हणाला.

मी मान हलवली.